नावं न ठेवता पाहणं: याला आपल्याकडे शब्द कोणता?

धुऱ्यावरचा
हरबरा घाट्यावर आला की आबा जागलीला जात आणि शाळेला सुट्टी असली की मला सोबत नेत. रात्री रानडुकरं यायची, पहाटे रोही. मचाणावर बसलं की त्यांचं सांगणं एकच: "पाय. नाव नको ठेवू." पाय म्हणजे पाहा. एकदा अंधारात काही हललं आणि मी "डुक्कर, डुक्कर" ओरडत गोफण फिरवली. शेजारच्यांची गाय होती ती, दावं तोडून आलेली. आबा रागावले नाहीत, पण घरी येईस्तोवर बोललेही नाहीत.

आता मी पन्नाशीला आलो. गेली चार वर्षं रोज संध्याकाळी अर्धा तास गावच्या पारावर बसतो. एसटी येते, माणसं उतरतात, कोणी पिशवी सावरतं, कोणी झोकांड्या देत घराकडे वळतं. ते पाहायचं आणि मत होऊ द्यायचं नाही, एवढंच. मी याला साधना मानतो. हरिपाठ म्हणताना मन पळत नाही इतकं इथे पळतं. मुलगी विचारते, "बाबा, तुम्ही तिथं बसून काय करता?" तिला सांगायला शब्द सापडत नाही. साक्षीभाव म्हणावं तर प्रवचन वाटतं. उदासीन म्हटलं तर ती काळजीत पडेल. तटस्थ म्हटलं की ग्रामपंचायतीची निवडणूक आठवते. जाणकारांनी सांगावं.

मोर्शीकर
भाऊ, साक्षी हा शब्द इतक्या लवकर सोडू नका. पाणिनीचं सूत्रच आहे, 5.2.91: जो साक्षात पाहतो तो साक्षी. ऐकीव सांगणारा साक्षी होत नाही. कोर्टात साक्षीदाराला काय दिसलं ते विचारतात, शिक्षा किती द्यावी ते विचारत नाहीत. तो निवाडा दुसऱ्याचा. म्हणजे तुम्हाला हवा तो अर्थ या शब्दात पहिल्यापासून आहे.

मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक पिंपळाचं फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो. तुमच्या पारावर पिंपळच असेल, म्हणून आठवलं.

आणि उदासीन. आज त्याचा अर्थ खिन्न असा झाला, पण फोड उद् अधिक आसीन: वर बसलेला. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या 'उदासीनवदासीनम्'वर ज्ञानेश्वरांनी दिव्याचा दाखला दिलाय. घरात ठेवलेला दिवा कोणाला काही कर म्हणत नाही, कोणाला अडवत नाही, कोण काय करतंय तेही त्याला ठाऊक नसतं. तरी घरातले सगळे व्यवहार त्याच्यामुळेच चालतात. तिथे शब्द आलाय 'साक्षिभूतु'. मचाणावर बसलेले तुमचे आबा मूळ अर्थानं उदासीनच होते.

वणीकडची
दादा, दिवा ठीक आहे. पण मारहाणीच्या वेळी दारात उभं राहणारं अर्धं गावही स्वतःला साक्षीच म्हणवतं. मी आमच्या गल्लीत हे पाहिलंय. त्या लोकांसाठी मराठीत चोख शब्द आहे: बघ्या. बघ्याही मत देत नाही, हातही लावत नाही. मग त्याच्यात आणि साधकात फरक काय? हा फरक ज्या शब्दात दिसत नाही तो शब्द मला नको.

विहारात आम्ही लहानपणापासून चार नावं ऐकली: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. शाळेत आले तेव्हा गोंधळले, कारण पेपरात रोज 'विदर्भाची उपेक्षा' छापून यायचं. जे आजी वंदनेनंतर इतक्या मायेनं समजावून सांगायची, तेच सरकारनं केलं म्हणून लोक चिडलेले! पुढे कळलं, उप म्हणजे जवळ आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. जवळून पाहणं. मराठीत त्याचं दुर्लक्ष कधी झालं कोण जाणे, पण झालं हे वाईट झालं. योगसूत्रातही (1.33) हीच चार नावं याच क्रमानं येतात. क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधीच्या तीन नसतील तर चौथी बघ्याचीच होते.

धुऱ्यावरचा
ताई, तुमचं म्हणणं लागलं. दोन दिवस त्याच विचारात होतो.

एक सांगतो. श्रावणात धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत तण मातलं होतं. मी वावरात पाय ठेवला आणि मनात 'आळशी' हा शब्द आला. तण नीट दिसायच्या आधीच आला. मग म्हटलं, थांबू. तिथंच उभा राहिलो. केना होता, त्याला निळी फुलं आली होती. गाजरगवत कमरेइतकं. आणि विहिरीकडून चार तासं स्वच्छ निंदलेली, काढलेल्या तणाचे ढीग धुऱ्यावर, अजून ओले. म्हणजे कोणीतरी सकाळी एकट्यानं काम करून गेलं होतं. ते सगळं माझ्या एका शब्दाखाली झाकलं गेलं होतं. तो का मागे पडला हे मला आजही माहीत नाही, मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी डवरा घेऊन गेलो आणि दोघांनी मिळून राहिलेलं वावर काढलं.

आपली भाषा पाहा. बाळाचं नाव ठेवतो आणि माणसाला नावं ठेवतो. क्रियापद एकच, एकवचनात बारसं आणि अनेकवचनात निंदा. आबा "नाव नको ठेवू" म्हणायचे तेव्हा दोन्ही अर्थ त्यांच्या मनात असावेत, असं आता वाटतं.

सुपातली
मी शिकलेली कमी, पण निवाडा शब्द आला म्हणून लिहिते. निवाडा निवडण्यातूनच आला ना? ओसरीवर आम्ही तूर डाळ निवडतो. खडा दिसला की बाजूला काढतो. खड्याचा राग येत नाही, त्याला कोणी शिव्या देत नाही. पण तो डाळीत राहूही देत नाही, दात पडतील. वणीच्या ताईंना हेच म्हणायचं असेल. निवडावं तर लागतंच, नावं ठेवल्याशिवायही निवडता येतं.

मोर्शीकर
काकू, निवडणे आणि निवाडा यांचं नातं बरोबर आहे, आणि माझ्या आधीच्या उत्तरातली ढिलाई तुम्ही नेमकी पकडली. दिव्याच्या दाखल्यात हे निवडणं येत नाही.

आमच्या भागातलं एक जोडतो. महानुभावांचं रिद्धपूर इथून जवळ. लीळाचरित्र हा त्यांचा चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, एकेक आठवण म्हणजे एक लीळा. लीळाचरित्राच्या पाठांत एकाच लीळेची दोघांची आठवण जुळली नाही, तर दुसरी आठवण खोडून टाकत नाहीत, 'वासना' म्हणून अमक्याच्या नावानं सोबत देतात. कोणाचं खरं ते ठरवायची घाई नाही. वासना या शब्दाचा हा अर्थ आज कोणालाच माहीत नसतो, याचं वाईट वाटतं.

शिवाय आपलं साधं 'पाहणे' घ्या. चाखून पाहा, विचारून पाहा, करून पाहा. डोळ्यांचा संबंध नसलेल्या कामातही आपण पाहतो, आणि तिथे पाहणे म्हणजे काय निघेल ते आधी न ठरवता करणे. माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत आले. आपल्या पाहण्यात तेवढी जागा आहे.

वणीकडची
दादा, 'पाहणे' मला चालेल. पण तुम्हा सगळ्यांच्या लक्षात एक आलं नाही. भाऊंनी पहिल्याच ओळीत शब्द दिलाय. जागल. जागण्यातून आलेला. जागल करणारा बघ्या नसतो, वावर त्याचं असतं, पिकावर जीव असतो. आणि अंधारातल्या हालचालीला तो लगेच डुक्करही म्हणत नाही.

धुऱ्यावरचा
ताई, हे वाचून आजीकडे गेलो. ऐकायला कमी येतं तिला, मोठ्यानं विचारलं, "आबा मचाणावर रातभर काय करत होते वो?" ती म्हणाली, "काय करतीन? जागत होते."
"अन् गोफण?"
"ते उशालेच राहे. खडे मीच येचून देत होती."