रविवार सुट्टी घेऊनही सोमवारी तीच मरगळ

रेघोट्या: फ्रीलान्स इलस्ट्रेशन करते, जास्त करून लहान मुलांची पुस्तकं. हल्ली फाईल उघडली की पोटात गोळाच येतो. रविवारी पेनला हात लावत नाही तरी सोमवारी जैसे थे. मोठा ब्रेक घ्यावा तर हाताचं वळण जाईल अशी भीती, आणि क्लायंट दुसरीकडे गेले तर काय ही वेगळीच. तुम्ही लोक विश्रांती म्हणजे नेमकं करता काय?

निशाचर: रविवारी फोनवर काय बघतेस ते आधी सांग. बाकीच्यांची चित्रंच ना? मग सुट्टी कसली, डोळे ड्युटीवरच आहेत की, याची लाईन काय भारी, तिला हे काम कसं मिळालं, दिवसभर तेच.

रेघोट्या: पकडलंस 😅

जुना खोडरबर: फोन ठीक आहे पण सगळं खापर त्याच्यावर नको. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये आयसीडी-११ मध्ये (आजार आणि आरोग्याच्या तक्रारींची त्यांची यादी) बर्नआउटची व्याख्या दिली, त्यात तो आजार नाही, कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलाय. लक्षणं तीन: शक्ती संपणं, कामाचा तिटकारा, आणि आपल्याच्याने नीट होत नाही असं वाटणं. म्हणजे मूळ कामात असेल तर रविवार झोपून काढलास तरी सोमवारी तेच काम समोर. पोटात गोळा नेमका कुठल्या फाईलला येतो बघ. माझा तरी 'जरासा बदल हवाय'वाल्या मेलना यायचा, चित्र काढायला नाही. झोप, भूक, कामाबाहेरचंही सगळं नकोसं झालं असेल तर मात्र सरळ डॉक्टरांना दाखव, इथे विचारत बसू नकोस.

मधुरा_के: वळण कुठे जात नाही गं. परत बसलं की सुरुवातीची काही पानं भंगार येतात, ती फाडायचीच असतात. आणि रोज संध्याकाळी चित्र पुरं करून उठू नकोस, पुढे काय करायचंय ते माहीत असतानाच थांब. हेमिंग्वे लिहिताना असंच करायचा, दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात नको म्हणून. मला जमतं, सगळ्यांना जमेलच असं नाही.

निशाचर: मला नाही जमत, अर्धवट चित्र रात्रभर डोक्यात फिरतं.

रेघोट्या: @खोडरबर, बरोब्बर, बदलांचाच गोळा आहे. किती वेळा फुकट करून देता?

जुना खोडरबर: दोनदा. एकदा रफला (कच्च्या रेखाटनाला), एकदा रंग भरल्यावर, पुढे पैसे, आणि हे कोटेशनमध्येच लिहायचं. रफला लेखी होकार आल्याशिवाय रंगाला हात लावू नकोस.