रेल्वेने नव्हे, कुजण्याने बुडवले
अमेरिकेतले लाकडी टोलरस्ते, म्हणजे फळ्या अंथरून केलेले नि टोल घेणारे रस्ते, रेल्वेमुळे बंद पडले, असं म्हटलं जातं. न्यूयॉर्क राज्यापुरतं तरी ते पटत नाही. १८४६चा सॅलिना–सेंट्रल स्क्वेअर रस्ता घ्या. जमिनीत लांब वासे पुरून त्यांवर हेमलॉक या सूचिपर्णी झाडाच्या ८ फुटी फळ्या आडव्या टाकत. टोकं मुद्दाम मागेपुढे ठेवत, म्हणजे खाली उतरलेलं चाक कडेला घासत न जाता पुन्हा वर चढे. फळीखाली माती घट्ट बसवावी लागे. पोकळी राहिली की ओल धरून फळी खालून कुजायची. आयुष्य धरलं होतं ८ वर्षं नि पुढे, टिकल्या जेमतेम ४-५. टोलमधून लाभांश वाटून मोकळे झालेल्या कंपन्यांकडे नव्या फळ्यांना पैसा उरणार कुठून?