चिकाची झाकलेली वाटी

एकत्र कुटुंबातल्या उन्हाळ्याच्या आठवणी निघाल्या की कुणीतरी विचारतंच, एवढ्या मोठ्या घरात एकेका पोराकडे लक्ष कोण देणार? सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात मे महिन्यात आम्ही १९ जण असायचो. लक्ष असायचं हो, फक्त कुणी बोलून दाखवायचं नाही.

कुरडयांचा गहू तीन दिवस भिजायचा, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी मोठी काकू अंधारातच चीक, म्हणजे भिजलेला गहू वाटून-गाळून काढलेलं सत्त्व, शिजवायला घ्यायची, कारण उन्हं तापायच्या आत गच्चीवर कुरडया घालून व्हायला हव्यात. आणि गरम चिकावर आम्हा पोरांची ही झुंबड! कुणाला तेल-मीठ, कुणाला दूध-साखर. धाकटा चुलतभाऊ बोलताना अडखळायचा, त्यामुळे मागेच राहायचा. एकदा फडताळात ताटलीखाली झाकलेली वाटी दिसली. मी हात घातला, तर काकूनं उलथणं न थांबवता नुसती मान हलवली. त्याची वाटी ती दर वेळी अशी आधी काढून ठेवायची, हे मला तेव्हा कळलं.

आजोबांचंही तसंच. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून दोन माठ यायचे. एक घरात, दुसरा वाळा घालून दिंडीदरवाज्यापाशी, पोस्टमन आणि भाजीवालीसाठी.

काकू आता कोथरूडला असते, फारशी उठत नाही. परवा तोच भाऊ तिच्यासाठी चीक घेऊन आला. गहू त्यानं स्वतः भिजवला होता. वाटीवर ताटली झाकलेली होती.