चांगल्या कोडला लॉग लागत नाहीत? मग रात्री दोनला आम्ही काय वाचायचं?

रात्रपाळी
काल दुसऱ्या धाग्यावर किमान_शब्द यांनी लिहिलं, की प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) लॉगची, म्हणजे प्रोग्राम चालताना लिहीत जातो त्या नोंदींची, लेव्हल एररवर ठेवावी (डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर अशा चढत्या पायऱ्या; एररवर ठेवली की फक्त चुका छापल्या जातात), बाकी सगळा कचरा, आणि कोड चांगला असेल तर लॉग वाचायची वेळच येत नाही. दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना, म्हणून हा धागा.

सहा वर्षं रात्रपाळ्या केल्यात मी. एका प्रवेशाच्या पोर्टलवर फी भरायची शेवटची रात्र होती आणि लॉगमध्ये एकच वाक्य धो धो येत होतं: "पेमेंट फेल्ड". कुणाचं, किती रुपयांचं, बँकेने काय कळवलं, काहीच नाही. फोनवर एका मुलीचे वडील. खात्यातून पैसे गेलेले, पोर्टलवर फी बाकी. ते सांगतात, ११ वाजून ४० मिनिटांनी भरले. अ‍ॅपच्या लॉगमध्ये वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), अ‍ॅपच्या पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये भारतीय, आणि डेटाबेसच्या मशीनचं घड्याळ चार मिनिटं मागे. कुठली ओळ कुठल्या ओळीची जोडीदार हे लावता लावता उजाडलं. कोड लिहिणारा हुशार होता, कोडही नेटका होता. बँकेकडून उत्तर उशिरा येत होतं आणि तोवर आपण टाइमआउट मारून, म्हणजे वाट बघणं सोडून, मोकळे. ही गोष्ट नेटक्या कोडमध्ये दिसत नाही, लॉगमध्येच दिसते.

माझं मागणं फार नाही. एनजिनएक्समध्ये १.११.० पासून रिक्वेस्ट आयडी, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक विनंतीचा वेगळा नंबर, आयता मिळतो. तो हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) अ‍ॅपला द्या, अ‍ॅपच्या प्रत्येक ओळीत छापा, पुढच्या सर्व्हिसला जाताना सोबत पाठवा, आणि चुकीच्या पानावर ग्राहकालाही दाखवा, म्हणजे तो फोनवर वाचून दाखवेल. रिक्वेस्ट संपताना एक भरगच्च ओळ: रूट, युजर आयडी, स्टेटस, एकूण वेळ, त्यातला डेटाबेसचा वेळ, किती क्वेऱ्या, बाहेरच्या सर्व्हिसने काय उत्तर दिलं. वेळ ऑफसेटसकट, म्हणजे यूटीसीपासूनच्या फरकासकट, लिहा. आणि एक्सेप्शन (कोड चालताना उडालेली चूक) कॅच करायचं, लॉग करायचं, पुन्हा फेकायचं, हे बंद करा. एकच एक्सेप्शन चार थरांत चारदा छापलं की चार वेगळे घोटाळे वाटतात.

किमान_शब्द
माझं अर्धंच वाक्य उचललंत. "कचरा" मी का म्हटलं ते ऐका.

पहाटे तीनला आमचं सगळं बंद पडलं होतं. कारण? लॉग. डॉकर (अ‍ॅप कंटेनरमध्ये चालवायचं साधन) लॉग ज्यातून लिहितो तो जेसन-फाइल ड्रायव्हर तुम्ही मर्यादा सांगितली नाही तर फाइल फिरवतच नाही (जुनी बंद करून नवी सुरू करत नाही), ती फुगत जाते. कुणीतरी आठवड्यापूर्वी "जरा बघू" म्हणून डीबग चालू करून विसरलेला. डिस्क भरली, डेटाबेसला लिहिता येईना. घाईत मोठी फाइल उडवली, तर जागा मोकळी होईना, कारण प्रोसेसने ती उघडी धरलेली. डिस्कची जागा सांगणारी डीएफ कमांड म्हणते डिस्क भरली, फाइलींचा आकार मोजणारी डीयू म्हणते काही नाही. त्या रात्री लॉगने मला मदत केली नाही, लॉगनेच बुडवलं.

दुसरं, गुपितं. मे २०१८ मध्ये ट्विटरने स्वतः जाहीर केलं, की पासवर्ड हॅश होण्याआधीच (न वाचता येणाऱ्या रूपात बदलण्याआधीच) आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. ३३ कोटींच्या घरातल्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदला म्हणावं लागलं. तिथले लोक आपल्यापेक्षा कच्चे होते का? आणि डिसेंबर २०२१? लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत हल्लेखोराने पाठवलेली नुसती एक स्ट्रिंग लॉग केली की सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात. लॉगची प्रत्येक जादा ओळ ही जोखीम आहे, हे माझं मत आजही ठाम आहे.

स्टॅकट्रेस_ताई
किमानदादा, लॉगफोरजेचं उदाहरण इथे बसत नाही. ती लायब्ररी संदेशातला मजकूर उलगडून बाहेर लुकअप करायला जात होती, दोष तिथे होता. लेव्हल एररवर ठेवली असती तरी हल्लेखोराने मुद्दाम एरर येईल अशी रिक्वेस्ट पाठवली असती. पासवर्डाचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. आख्खी रिक्वेस्ट बॉडी लॉग करणाऱ्याला मी रिव्ह्यूमध्ये सोडत नाही.

आता माझी गोष्ट. जावाचं जुनं अ‍ॅप. लॉगमध्ये हजारो वेळा फक्त "नलपॉइंटरएक्सेप्शन", खाली स्टॅकट्रेस (चूक कोडच्या कुठल्या ओळीतून आली त्याची यादी) नाही. एक ओळही नाही! टीममधले दोघं माझ्यावर चिडले, की तूच ट्रेस छापणं काढलंस. मी काढलं नव्हतं. हॉटस्पॉटमध्ये (जावा चालवणाऱ्या इंजिनात) तेच एक्सेप्शन एकाच जागी पुन्हा पुन्हा आलं, की त्यातला जेआयटी कंपायलर वेग वाढवायला ते ट्रेसशिवाय फेकायला लागतो. 'ओमिट-स्टॅकट्रेस-इन-फास्ट-थ्रो' हा पर्याय मुळातच चालू असतो. म्हणजे पूर्ण ट्रेस सुरुवातीच्या काही ओळींत होता, आणि त्या ओळी जुन्या फाइलमध्ये. ती फाइल कुणीतरी "जागा खाते" म्हणून आदल्या दिवशीच पुसलेली. शेवटी तो पर्याय बंद करून अ‍ॅप रीस्टार्ट केलं आणि पुन्हा पडायची वाट बघत बसले.

किमान_शब्द
ताई, तुमची गोष्ट एरर लेव्हलचीच आहे. इन्फो आणि डीबग नसते तर ती फाइल इतकी फुगली नसती, आणि कुणी पुसलीही नसती.

कऱ्हाडकर
अवांतर आहे, पण राहवत नाही. मराठी मजकूर लॉगमध्ये कसा दिसतो यावर कुणीच बोलत नाही.

पायथनची जेसन लायब्ररी (माहिती मजकुराच्या रूपात लिहिणारी) सांगितल्याशिवाय देवनागरी जशीच्या तशी लिहीत नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी रेघ, यू आणि चार आकडे. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत देवनागरी अक्षराला ३ बाइट लागतात, इथे ६. ग्रेपमध्ये (फाइलीत शब्द शोधायच्या कमांडमध्ये) गावाचं नाव टाकलं की शून्य ओळी. सपोर्टची मुलं म्हणतात "असा ग्राहकच नाही". मी भांडून ते बंद केलं आणि देवनागरी सरळ लिहायला लावली.

मग दुसरं प्रकरण. आमच्याच गावचे लोक पत्ता भरतात, "कऱ्हाड", आणि फॉर्म म्हणतो अवैध पत्ता. सगळ्यांना नाही, काहींनाच. लॉगमध्ये "पत्ता अवैध: कऱ्हाड". डोळ्यांना अगदी बरोबर. तीन दिवस शोधलं मी.

रात्रपाळी
दादा, धागा रिक्वेस्ट आयडीचा आहे. आणि लॉगमध्ये पत्ता येतोच कसा? युजर आयडी लिहा, बाकी डेटाबेसमध्ये बघा.

कऱ्हाडकर
डेटाबेसमध्ये? फॉर्मच नाकारला गेला, तर डेटाबेसपर्यंत पोचणार काय? दोष त्या शब्दातच होता, युजर आयडीला विचारून काय कळणार! तुमच्या भरगच्च ओळीत चाळीस रकाने असले तरी मला लागणारी गोष्ट त्यात नव्हती. आणि आपल्या भाषेचा विषय निघाला की लगेच "अवांतर", हे मला दरवेळी ऐकावं लागतं.

कारण सांगतो. 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, यूनिकोड (प्रत्येक अक्षराचा ठरलेला नंबर) ०९३१, मग हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), २००डी. पडद्यावर दोन्ही एकसारखे. आमचा रेजेक्स (मजकूर तपासायचा नियम) फक्त ०९०० ते ०९७एफ हाच पट्टा मान्य करायचा. जॉइनर त्या पट्ट्याबाहेर. कीबोर्ड बदलला की गाव अवैध!

स्टॅकट्रेस_ताई
नॉर्मलायझेशन करून, म्हणजे वेगवेगळी रूपं एकसारखी करून, घ्यायचं ना आधी? यूनिकोडची एनएफसी पद्धत आहे.

कऱ्हाडकर
केलं होतं. एनएफसी र आणि खालचा नुक्ता जोडून ऱ करतं. जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही, कारण यूनिकोडच्या लेखी ती दोन रूपं समान नाहीत. हे मला चौथ्या दिवशी कळलं.

किमान_शब्द
एक विचारतो. तुम्ही भांडून बंद केलेलं ते आकड्यांचं रूप चालू असतं, तर २००डी त्या ओळीत पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर आलं असतं की नाही?

कऱ्हाडकर
आलं असतं.

मान्य, पण रात्री सपोर्टला बसलेल्या मुलाला ते आकडे वाचता येत नाहीत, हेही खरंच. त्याला नाव शोधायचं असतं.

किमान_शब्द
मग शोधायला तिकीट नंबर द्या, ग्राहकाचं नाव कशाला? माझा मुद्दा तोच आहे. तुम्ही शब्द लिहिलात आणि त्याने काहीच सांगितलं नाही. "चौथं अक्षर २००डी, नियमाबाहेर" एवढीच ओळ पुरली असती. ना पत्ता उघड, ना जागा वाया.

रात्रपाळी
आणि ती ओळ तुमच्या एरर लेव्हलला आली असती का? व्हॅलिडेशनमध्ये (भरलेली माहिती तपासताना) फॉर्म नाकारणं ही एरर नाही, ती इन्फो किंवा फार तर वॉर्निंग. तुमच्या सर्व्हरवर ती छापलीच गेली नसती. काल तुम्ही ज्याला कचरा म्हणालात, त्यातच ती पडली असती.

आणि ठेवायचं की नाही, हा प्रश्न आता आपल्या हातात फारसा उरलेलाही नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग सांभाळायला सांगितलेत, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (नेटवर्कवरून वेळ सांगणाऱ्या सर्व्हरशी) जुळवायला सांगितलीत. माझी चार मिनिटांची रात्र आठवली ते वाचताना.

किमान_शब्द
१८० दिवस ठेवा म्हणजे काहीही लिहून ठेवा असं कुठे म्हटलंय? उलट जे लिहाल ते सहा महिने सांभाळावं लागणार, म्हणून कमीच लिहा.

वॉर्निंगचं मात्र बरोबर आहे तुमचं. ती ओळ माझ्याकडे गायब झाली असती. लेव्हल वॉर्निंगवर आणतो. त्याच्या खाली मी येणार नाही.

स्टॅकट्रेस_ताई
आणि रिक्वेस्ट संपतानाची ती एक ओळ?

किमान_शब्द
एका सर्व्हिसवर टाकून बघतो. फाइलचा आकार मोजणार, आधीचा आणि नंतरचा, आणि इथेच टाकणार. आयडीसाठी स्वतःचा हेडर काढू नका, डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा ट्रेसपॅरेंट हा हेडर आहे, तो वापरा. आणि जावात थ्रेडपूलमध्ये (मागे समांतर काम करणाऱ्या थ्रेडांच्या गटात) काम टाकलं की एमडीसीमधला, म्हणजे लॉगच्या प्रत्येक ओळीत छापायला थ्रेडपाशी ठेवलेला, आयडी आपोआप पुढे जात नाही, हे रात्रपाळी यांनी लिहायला हवं होतं. लोक टाकतील, अर्ध्या ओळींत रकाना रिकामा दिसेल आणि लॉगलाच शिव्या घालतील.

रात्रपाळी
राहिलं ते. वर जोडतो.

कऱ्हाडकर
मी आज व्हॅलिडेशनच्या ओळीत फक्त नाकारलेल्या अक्षराची जागा आणि कोडपॉइंट (त्याचा यूनिकोड नंबर) छापायला सुरुवात केली. दोन तासांत दुसरा प्राणी सापडला: यूनिकोड ००ए०, न तुटणारी स्पेस. कुणीतरी वर्डमधून पत्ता चिकटवतंय. ऱ वाल्यांसाठी रेजेक्समध्ये जॉइनर घेतला, आणि शोधताना दोन्ही रूपं एकच धरतो. कुणाच्या फोनवर "तऱ्हा", "बऱ्याच" वेगळ्याच तऱ्हेने उमटत असेल तर इथे चिकटवा, मी तपासून सांगतो.