मदत हवी आहे : ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीसाठी संघात काय सुरू करावे?

कृष्णाकाठ : सांगलीतील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात विसराळूपणाच्या तक्रारी वाढल्या आहेत. वेळीच काही करावे म्हणून शब्दकोड्यांच्या पुस्तिका वाटल्या. त्या बाकांवरच पडून राहिल्या. कृपया उपक्रम सुचवा, व्याख्यान नको. रविवारी सभा आहे.

निवृत्त_मास्तर : पाठांतर घ्यावे. मी सत्तरीनंतर गीतेचा पंधरावा अध्याय पाठ केला आणि पावकी-निमकी आजही न अडखळता म्हणतो.

मिरजकर : सभासदांचे वय, शिक्षण, रक्तदाब, मधुमेह यांविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. तक्रार कोण करते, स्वतः सभासद की घरचे? एखादे नाव न आठवणे वेगळे आणि रोजच्या वाटेवर चुकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात उपक्रमाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

कृष्णाकाठ : सगळे साठीच्या पुढचे. निम्म्याहून अधिक जणांनी मार्केट यार्डात हमाली केली आहे, शाळा दुसरी-तिसरीपर्यंत. तक्रार बहुधा सुनांची असते : सांगितलेले लक्षात राहत नाही. हे लिहिण्याजोगे वाटले नाही.

मिरजकर : दुसरी शिकलेल्यांना शब्दकोडी! मास्तर, आपले पाढेही तिथे चालणार नाहीत.

निवृत्त_मास्तर : निरक्षर वारकऱ्यांना शेकडो अभंग मुखोद्गत असतात. पाठांतराला अक्षरओळख लागत नाही.

वनौषधी : गिंको झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या सुरू करा, मला गुण आला आहे.

अजिंक्यतारा (सातारा) : गिंकोची चाचणी अमेरिकेत पंचाहत्तरीपुढील 3,069 जणांवर झाली; 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. कृष्णाकाठ, सुनांचे वाक्य पुन्हा वाचा. सांगितलेले लक्षात राहत नाही, की मुळात ऐकूच येत नाही? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 धोके दिले असून त्यांत बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा आणि उपचार न झालेला दृष्टिदोष आहेत. हे सर्व दूर झाले तर सुमारे 45 टक्के रुग्णांत आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून आधी कान, डोळे आणि रक्तदाब तपासून घ्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-12 आणि थायरॉइडही. फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1,260 जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला, त्यातही आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवर देखरेख हे सारे एकत्र होते. मास्तरांचे अभंग त्यात खुशाल घ्या, पण एकट्या पाठांतरावर विसंबू नका.

हरिपूरवासी : माझ्या आत्यांच्या बँक खात्यावर वारस नोंदवायला फार त्रास झाला. सर्वांनी तो अर्ज आधीच भरावा.

मिरजकर : त्यासाठी वेगळा धागा काढावा.

कृष्णाकाठ : कान तपासून घेऊ, परंतु श्रवणयंत्राचा खर्च कोण करणार? हमालांना पेन्शन नाही.

अजिंक्यतारा (सातारा) : राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढील, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. चांगले यंत्र तेवढ्यात येत नाही, तेव्हा उरलेल्या रकमेसाठी अडत्यांकडे शब्द टाकावा लागेल.

कृष्णाकाठ : अडत्यांशी मी बोलतो. सभेत रक्तदाब मोजायला कोणी परिचारिका येऊ शकतील का? विश्रामबागेच्या जवळपास राहणाऱ्या असल्यास बरे.