पेशंटकडून फीडबॅक घेतला तर सगळे "उत्तम"! यातून शिकायचं काय?

पोहे_आणि_स्टेथो:
नमस्कार मंडळी. मी इंदूरला फॅमिली मेडिसिनमधे डीएनबी (एमबीबीएसनंतरचं स्पेशलायझेशन) करतेय, दुसरं वर्ष. गाईड सर म्हणाले पेशंटकडून फीडबॅक घे, मग बसून बोलू. मी हिंदीत पाच प्रश्नांचा फॉर्म बनवला, नुसतं टिक करायचं, आणि तपासून झालं की मीच हातात द्यायचे. साठ फॉर्म झाले आणि सत्तावन्न जणांचं वरपासून खालपर्यंत "उत्तम". रामबागेतल्या एका आजींनी तर टिकबिक काही नाही, मधल्या रिकाम्या जागेत मराठीत "सुखी राहा बाळ" लिहून दिलं (जपून ठेवलाय तो, पण मार्क किती द्यायचे त्याला?). एकाने मात्र लिहिलंय, "मॅडम लिखती रहती हैं, देखती नहीं." सत्तावन्न उत्तम विसरले, हे एक वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. असल्या फीडबॅकने ट्रेनिंगमधे खरंच फरक पडतो का? कोणी केलंय का नीट?

काउंटरवाली_ताई:
अगं, तू स्वतः फॉर्म हातात दिलास तिथेच गडबड झाली. समोर डॉक्टर उभी, उद्या बीपीच्या गोळ्यांना परत तिच्याकडेच यायचंय, कोण वाईट लिहील? मी राजेंद्र नगरात एका दवाखान्यात काउंटरवर बसते, खूप वर्षं झाली. आत मान हलवून "हो डॉक्टर" म्हणतात आणि बाहेर येऊन मला विचारतात, "ताई ही जेवणाआधी की नंतर? आत विचारायचं राहूनच गेलं." राहून नाही जात गं, विचारायची भीती वाटते, मागे दहा लोक बसून राहिलेले असतात ना. तुझा खरा फीडबॅक तिथे आहे, माझ्यासारखीच्या कानात. मी आमच्या डॉक्टरांना चहाच्या वेळी सांगते आज कोण काय परत विचारून गेलं. आधी चिडायचे, आता स्वतःच विचारतात.

लष्करकर_लीड्सला:
मूळचा ग्वाल्हेरचा, इथे ब्रिटनमधे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. ताईंशी शंभर टक्के सहमत. इथे जीपी ट्रेनिंगमधे पेशंटची प्रश्नावली असतेच, आमच्या वेळी फॉर्म रिसेप्शनवरून वाटले जायचे, माझ्या हातात थेट एकत्र केलेला निकाल आला. तिचा पाया म्हणजे ग्लासगोत तयार झालेलं केअर मेझर, दहा प्रश्न. त्यात "डॉक्टर आवडला का" असं नाहीच, तुमचं म्हणणं पूर्ण सांगू दिलं का, नीट ऐकलं का, स्पष्ट समजावलं का, पुढे काय करायचं ते तुमच्यासोबत ठरवलं का, असं. शिकून झाल्यावरही सुटका नाही बरं का, २०१२ पासून इथे लायसन्स टिकवायला दर पाच वर्षांत एकदा तरी पेशंटचा फीडबॅक दाखवावा लागतो.

पण खरं सांगू का, आकडे इथेही चांगलेच येतात, लोक भिडस्त सगळीकडे. मला उपयोग झाला तो ट्रेनरसोबत तासभर बसलो तेव्हा. "समजावलं का" ला बाकीच्यांपेक्षा जरा कमी होते. त्यांनी पेशंटच्या परवानगीने माझ्या कन्सल्टेशनचा व्हिडिओ लावला, तर मी सगळं समजावत होतो दाराशी, पेशंट उठून उभा राहिल्यावर! स्वतःला बघून लाज वाटली.

सराफ्यातला_भिया:
सगळं ठीक आहे पण आमच्या गल्लीत विचारा चांगला डॉक्टर कोण, तर जो सुई लावतो आणि बाटली चढवतो तो. साध्या सर्दीला अँटिबायोटिक दिलं नाही तर "इनको कुछ आता नहीं". आता अशांच्या टिकवर तुम्ही डॉक्टर घडवणार? २०१२ मधे अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, ५०,००० च्या वर लोकांचा, त्यात जास्त समाधानी पेशंटचा औषधांचा खर्च जास्त, ॲडमिट होणं जास्त आणि मृत्यूही जास्त निघाले होते. म्हणजे समाधानामुळेच मेले असं नाही म्हणत मी, पण खूश पेशंट म्हणजे बरी ट्रीटमेंट असं समजू नका एवढंच.

लष्करकर_लीड्सला:
भियाचा मुद्दा रास्त. म्हणूनच कुठलं औषध हवं होतं ते पेशंटला विचारायचंच नाही, ते ट्रेनर बघेल. पेशंटला विचारायचं ते फक्त त्यालाच माहीत असतं ते. अँटिबायोटिक का नाही दिलं हे कळलं का, असं विचारा, मग नाही म्हणणाराही कामाचं काहीतरी सांगतो.

पोहे_आणि_स्टेथो:
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सरांना "देखती नहीं" वालं दाखवलं, ते हसले आणि १९८४ चा एक जुना अभ्यास काढून दिला. ७४ भेटींपैकी फक्त १७ मधे पेशंटला पहिलं म्हणणं पूर्ण करू दिलं होतं, आणि डॉक्टर सरासरी १८ सेकंदात मधे बोलले होते. मी मोबाईलवर माझं मोजलं. नाही सांगत किती आले.

आता ठरवलंय, पेशंट बोलायचा थांबेपर्यंत पेन उचलायचं नाही. टिकवाला फॉर्म बंद. आमचे कंपाउंडर काका औषध देताना दोनच गोष्टी विचारणार, मराठी माणसाला मराठीत: घरी जाऊन गोळ्या कशा घेणार ते सांगा, आणि आत काय विचारायचं राहिलं? काका नाव न टाकता वहीत लिहिणार, शनिवारी सर आणि मी वाचणार.

काउंटरवाली_ताई:
काकांना चहा पाजत जा मधूनमधून, नाहीतर तेही "सब बढ़िया" लिहून मोकळे होतील.