थाई आचारी आणायचाय. एजंट म्हणतो बिझनेस व्हिसा काढा. खरं का?

कढीपत्ता (बाणेर, पुणे):
नमस्कार मंडळी. माझं छोटं थाई हॉटेल आहे, माणसं धरून-सोडून २३. तीन वर्षं दार्जिलिंगकडचा एक मुलगा वोक सांभाळत होता. तो गेला दुबईला आणि तेव्हापासून आमच्या करीला चव राहिलेली नाही. गिऱ्हाईक बोलत नाही, पण अर्धा बाउल तसाच परत येतो.

डिसेंबरात चिआंग माईला गेलो होतो. तिथे एक आचारी तयार झालाय. मागणी महिना ८५ हजार आणि राहायची सोय. बायकोही येईल म्हणतो, तिचा हात भाजी चिरण्यात त्याच्याहून चपळ आहे.

एजंट म्हणतो, एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला सव्वासोळा लाख पगार दाखवावा लागतो, तुम्हाला झेपणार नाही. बिझनेस व्हिसावर आणू, सगळे तेच करतात. शिवाय ‘वर्क परमिट’चे वेगळे पैसे मागतोय. काय करू?

मांडवीकाठ (पणजी):
दादा, आधी त्या एजंटाचा नंबर ब्लॉक करा, मग पुढचं वाचा.

सव्वासोळा लाखांची अट खरी आहे, पण अर्धीच सांगितलीय. परदेशी खाद्यपदार्थ करणारे त्या-त्या देशाचे आचारी तिच्यातून वगळलेत. इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि दुभाषेही. तुमचा माणूस थाई, हॉटेल थाई, म्हणजे तुमचे वर्षाचे १० लाख २० हजार चालतील. फक्त करारपत्रात हुद्दा आणि काम स्वच्छ लिहा. नुसतं ‘किचन स्टाफ’ लिहिलंत तर ही सवलत मागायची कशाच्या जोरावर?

‘वर्क परमिट’ म्हणून वेगळा कागद आपल्याकडे नसतो. एम्प्लॉयमेंट व्हिसा हाच परवाना, आणि तो एका मालकापुरता. उद्या शेजारच्या हॉटेलवाल्याने पाच हजार जास्त देऊन फोडला, तर त्याला मायदेशी जाऊन नवा व्हिसा काढावा लागेल. मालक म्हणून तुमच्या सोयीचं आहे, पण त्याला हे आधीच सांगा. न सांगणं बरं नव्हे.

आता बिझनेस व्हिसाचं. तो सौदे, मीटिंगा, माल बघणं यासाठी. इथल्या मालकाच्या पगारावर नोकरी करायला नव्हे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः असाच एक आचारी आणला होता. नोंदणीच्या वेळी समोरच्या साहेबांनी त्याला एवढंच विचारलं, ‘पगार कोण देतं?’ बिचाऱ्याने हसून माझ्याकडे बोट दाखवलं. हसतमुख माणूस! पंधरा दिवसांत त्याला परत पाठवावं लागलं. विमानाचं तिकीट माझं, एजंटाची फी गेली ती गेलीच, आणि नाताळच्या आठवड्यात मी स्वतः खलबत्त्यात पपई कुटत उभा. ते सॅलड कोणी दुसऱ्यांदा मागवलं नाही.

अर्ज त्याने थायलंडमधूनच करायचा. टुरिस्ट व्हिसावर येऊन ‘इथे बदलून घेऊ’ हा खेळ चालत नाही. व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी, ती ऑनलाइन होते. आणि खोली तुम्ही देणार असाल तर तो उतरल्यापासून २४ तासांत तेही ऑनलाइन कळवायचं. ते काम घरमालकाचं, म्हणजे तुमचं. बहुतेक लोक हेच विसरतात.

आचाऱ्याच्या बायकोचं मात्र कठीण आहे. नवऱ्याच्या जोडीने येता येईल, पण त्या व्हिसावर काम करता येत नाही. भाजी चिरणारी माणसं इथे मिळतात, म्हणून त्या कामाला वेगळा एम्प्लॉयमेंट व्हिसाही मिळत नाही.

हिशेबनीस:
पीएफचं कोणी बोललंच नाही. तुमची माणसं २० च्या वर आहेत, म्हणजे पीएफ लागू. आपल्या माणसाचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापला तर १८०० रुपये. परदेशी कामगाराला ती मर्यादा नाही, पूर्ण पगारावर १२ टक्के. ८५ हजारांवर १०,२०० त्याचे, १०,२०० तुमचे. वर थायलंडशी आपला सामाजिक सुरक्षेचा (एकमेकांच्या कामगारांच्या पीएफ-पेन्शनबद्दलचा) करार नाही, म्हणून पैसे सहसा ५८ व्या वर्षी निघतात. जपानशी करार आहे, त्यामुळे चाकणच्या जपानी लोकांचं गणित वेगळं.

परदेशी कामगारांच्या पीएफची ही वेगळी तरतूद कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द ठरवली, पण पुण्यात त्या भरवशावर राहू नका. नेपाळी माणूस असता तर यातलं काहीच नव्हतं, ना व्हिसा ना ही भानगड.

कढीपत्ता:
बाप रे. म्हणजे ८५ सांगून हातात ७५ च्या आत, टॅक्स वेगळाच. हे त्याला आत्ताच सांगतो, नाहीतर पहिल्या पगारालाच तोंड फिरवेल. वय विचारलं, ४१ आहे. सतरा वर्षं थांबायचं!

मांडवीकाठ, करारपत्रात पदार्थांची नावंही घालू का?

मांडवीकाठ:
नावं घातलीत तर बिघडत नाही. मी दुसऱ्या खेपेला मेन्यूकार्डच जोडलं होतं, आचाऱ्याचे जुन्या हॉटेलचे दाखले आणि खात्यावर पगार जमा करण्याचं लेखी पत्रही. पगार रोखीत देऊ नका. आणि दार्जिलिंगच्या मुलाचा फोन असेल तर लावून बघा, दुबईत उन्हाळा फार असतो.